कोनी आयलंडच्या बागा : आत कोण गेलं, बाहेर कोण राहिलं

खाडीकाठ

करमणुकीच्या बागांवर मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात पहिला रोलर कोस्टर कोणाचा आणि कुठला पाळणा किती उंच, एवढंच असतं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडबद्दल मला वेगळं लिहायचंय. तिथे कोण जायचं, कशाने जायचं, खिशात किती पैसे असायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे. यंत्रांची माहिती कोणाकडे असेल तर प्रतिसादांत जरूर द्या.

ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला अटलांटिकच्या काठची ही वाळूची पट्टी. पूर्वी हे खरंच बेट होतं, मधली खाडी हळूहळू बुजवली गेली. १८७०च्या दशकात आगगाड्या आल्या, मागोमाग मोठी हॉटेलं आली आणि किनारा ऐपतीप्रमाणे वाटला गेला. पूर्व टोकाला मॅनहॅटन बीच, ओरिएंटल अशी बड्या लोकांची हॉटेलं. मॅनहॅटन बीचच्या ऑस्टिन कॉर्बिनने १८७९मध्ये उघडपणे जाहीर केलं की ज्यू गिऱ्हाईक आम्हाला नको. पश्चिम टोकाला जुगार, दारू, पाकीटमार. मधला पट्टा सर्वसाधारण लोकांचा. आणि सगळ्यावर जॉन मॅकेन नावाच्या स्थानिक पुढाऱ्याची हुकमत, परवान्यांपासून पोलिसांपर्यंत. शेवटी १८९४मध्ये मतदानातल्या घोटाळ्यासाठी तो सिंग सिंगच्या तुरुंगात गेला.

त्यानंतर वर्षभरात, १८९५मध्ये, पॉल बॉयटनने सी लायन पार्क सुरू केलं. त्यात नवीन होतं ते कुंपण. तोवर पाळणे, घसरगुंड्या, तमाशे किनाऱ्यावर सुटे सुटे उभे असत, आपल्या जत्रेत असतात तसे. बॉयटनने सगळ्याभोवती कुंपण घातलं आणि दारावर तिकीट लावलं. कोनी आयलंडच्या सामाजिक इतिहासातली सगळ्यात मोठी घटना मी हीच मानतो. तिकीट आलं म्हणजे दारावर माणूस आला, आणि आत कोणाला घ्यायचं हे मालकाला ठरवता यायला लागलं. दारुडे आणि पाकीटमार बाहेर राहिले, त्यामुळे आया मुलींना सोडायला तयार झाल्या. तेच कुंपण आणखी कोणाकोणाला बाहेर ठेवायलाही वापरलं गेलं, ते ओघाने येईलच.

जॉर्ज टिल्यू हा इथेच वाढलेला. वडिलांचं किनाऱ्यावर छोटं हॉटेल होतं. तरुणपणी त्याने मॅकेनविरुद्ध चौकशीत साक्ष दिली आणि त्याची किंमत सगळ्या घराने मोजली. १८९३मध्ये लग्न झाल्यावर तो शिकागोचं जागतिक प्रदर्शन बघायला गेला. तिथलं फेरिसचं प्रचंड चाक त्याला विकत हवं होतं, ते मिळालं नाही, तेव्हा साधारण निम्म्या आकाराचं बनवून घेतलं आणि जगातलं सगळ्यात मोठं चाक अशी पाटी लावली. १८९७मध्ये त्याने स्टीपलचेज पार्क काढलं. रुळांवरून उतारावर धावणारे लाकडी घोडे हे त्याचं मुख्य आकर्षण. जवळच घोड्यांच्या शर्यतीची खरी मैदानं होती, तिथे पैसेवाले जायचे. इथे पंचवीस सेंटांत सगळ्या बागेचं तिकीट. एका घोड्यावर दोघं बसू शकत, मुलगी पुढे, मुलगा मागे, आणि पडायचं नसेल तर धरून बसणं भागच.

घोड्यावरून उतरल्यावर बाहेर पडायची वाट एका छोट्या रंगमंचावरून जायची. जमिनीतल्या भोकांतून हवेचा झोत यायचा, बायकांचे झगे उडायचे, पुरुषांच्या हॅटी उडायच्या. एक विदूषक पुरुषांना विजेच्या काठीने चटका द्यायचा. आणि समोर बाकांवर बसून हसणारे कोण, तर नुकतेच याच वाटेने आलेले लोक! आधी तुमचं हसं व्हायचं, मग तुम्ही बाकावर बसून पुढच्याला हसायचं. माणसाला माणूसच बघायचा असतो हे टिल्यूला कळलं होतं, आणि त्यासाठी नट पगारावर ठेवायचीही गरज नव्हती. १९०७मध्ये पार्क जळून गेलं तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याने पाटी लावली : जळके अवशेष बघायचे दहा सेंट. पुढे त्याच जागी काचेचा आणि लोखंडाचा प्रचंड मंडप उभा केला.

१६ मे १९०३च्या संध्याकाळी फ्रेडरिक थॉम्प्सन आणि एल्मर डंडी यांनी सी लायन पार्कच्या जागी ल्यूना पार्क उघडलं. दाराचं तिकीट दहा सेंट, आत अडीच लाख दिवे असल्याची जाहिरात. ज्यांच्या खोल्यांत गॅस किंवा रॉकेलचा उजेड होता ती माणसं समोर विजेने पेटलेले मनोरे बघत होती. पंखांच्या विमानात बसून चंद्रावर जायचं, तिथे चंद्रवासी तुमच्या हातात हिरवं चीज ठेवणार. पुढच्याच वर्षी समोर ड्रीमलँड आलं, पांढरंशुभ्र, ३७५ फूट उंच मनोऱ्याचं.

या तिन्ही बागा कोणामुळे चालल्या? कारखान्यात, दुकानात कामाला जाणाऱ्या पोरींमुळे आणि पोरांमुळे. पूर्व युरोपातून आलेले ज्यू, इटालियन, आयरिश, जर्मन. एका खोलीत सहा-सात माणसं, प्रायव्हसी नाही. पोरगी आठवड्याचा पगार पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायची, आई त्यातले थोडे सेंट परत करायची. मुलगे मात्र बरेचदा काही हिस्सा स्वतःकडे ठेवत. त्यामुळे पोरी येण्याजाण्याच्या भाड्यापुरते पैसे घेऊन मैत्रिणींबरोबर निघत, आणि आत गेल्यावर ओळख झालेला मुलगा पाळण्याचे, सोड्याचे पैसे भरायचा. समाजसुधारकांनी यावर काळजीने पानंच्या पानं लिहिली आहेत. पण आईबाप, मिस्त्री आणि शेजारी या तिघांपैकी कोणाचीही नजर नाही अशी एवढी एकच जागा त्यांना मिळाली होती, हे विसरून चालणार नाही.

---

गिरणगावकर

जबरदस्त सुरुवात. न फोडलेल्या पाकिटाचं वाचून थांबलो. आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी असंच असायचं, फक्त पाकीट आजीच्या हातात जायचं.

एक विचारतो. न्यूयॉर्कच्या वस्त्यांतून तिथे जायला भाडं किती पडायचं? बागेचं तिकीट दहा सेंट आणि प्रवासाचे वीस लागत असतील तर गरीब माणूस पोचणारच नाही.

---

खाडीकाठ

@गिरणगावकर, मुद्द्याचं बोललात. सगळा खेळ भाड्याचा आहे.

शतकाच्या सुरुवातीला ब्रुकलिन रॅपिड ट्रान्झिट कंपनी कोनी आयलंडपर्यंत दहा सेंट घ्यायची. पाच सेंट आधी आणि पुढच्या टप्प्यावर आणखी पाच. १९०६च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती गेनर यांनी निकाल दिला की कंपनीला पाचच सेंट घेता येतील. कंपनीने ऐकलं नाही. त्यानंतरच्या रविवारी लोकांनी दुसरे पाच सेंट द्यायला नकार दिला, तेव्हा कंपनीची माणसं प्रवाशांना धरून गाडीखाली उतरवायला लागली. बायकामुलांसकट. ठिकठिकाणी हाणामाऱ्या झाल्या. हेच गेनर पुढे १९१०मध्ये न्यूयॉर्कचे महापौर झाले.

भाड्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला १९२०च्या सुमारास, भुयारी रेल्वे स्टिलवेल अव्हेन्यूपर्यंत पोचली तेव्हा. शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून पाच सेंट. त्यानंतर उन्हाळ्यातल्या रविवारच्या गर्दीचा आकडा दहा लाखांच्या घरात सांगितला जायला लागला, आणि सगळ्याच गोष्टींची किंमत पाच सेंटांवर आली. नेथन हँडवर्कर हा पोलंडहून आलेला ज्यू तरुण फेल्टमनच्या मोठ्या उपाहारगृहात कामाला होता. तिथे सॉसेज-पाव दहा सेंटांना मिळायचा. त्याने १९१६मध्ये स्वतःची टपरी टाकली आणि तोच पाव पाचला विकला. फेल्टमनचं हॉटेल केव्हाच बंद झालं, नेथनचं दुकान अजून त्याच कोपऱ्यावर आहे.

पाण्याचंही असंच. किनाऱ्याचा मोठा भाग खाजगी स्नानगृहवाल्यांनी कुंपणं घालून अडवलेला होता. पोहण्याचे लोकरीचे कपडे भाड्याने घ्यायचे आणि त्यांच्या दारातून वाळूवर जायचं. १९२३मध्ये शहराने किनाऱ्यालगत बोर्डवॉक, म्हणजे लाकडी फळ्यांचा रस्ता, बांधला आणि किनारा सगळ्यांना मोकळा झाला. समुद्राकाठी राहून समुद्रात पाय बुडवायला पैसे मोजावे लागायचे, ते थांबलं.

---

अनुजा_प

धागा आवडला, पण त्या हवेच्या झोताबद्दल बोलायलाच हवं. अनोळखी माणसांसमोर बाईचा झगा उडवायचा आणि त्यावर हशा पिकवायचा, याला मोकळेपणा कसं म्हणायचं? आज कोणी असा 'खेळ' लावला तर पोलीस केस होईल. शिवाय पोरीच्या पाळण्याचे पैसे मुलगा भरतोय म्हणजे त्याच्या बदल्यात त्याला काहीतरी हवं असणारच. पगार कमी, तोही आईच्या हातात, मग करमणुकीसाठी अनोळखी माणसावर अवलंबून. यात मुलीच्या हातात नेमकं काय होतं?

---

सुमन_कुलकर्णी_नाशिक

अनुजा, तुझा राग समजतो. माझं थोडं वेगळं मत आहे. त्या काळातली बाई घोट्यापर्यंत झाकलेली, घट्ट कमरपट्ट्यात आवळलेली. रस्त्यात ठेच लागून पडली तरी लोक काय म्हणतील. अशी बाई टिल्यूच्या बागेतल्या फिरत्या पिंपात आडवी पडते, अनोळखी माणसाच्या अंगावर आपटते, खदाखदा हसते आणि कोणी तिला काही बोलत नाही. हे तिला हवं होतं म्हणून ती पुढच्या रविवारी परत यायची. तिला जबरदस्तीने कोणी आणत नव्हतं.

---

खाडीकाठ

@अनुजा_प, @सुमनताई, तुमचं दोघींचं मी एकमेकांविरुद्ध लावणार नाही. टिल्यूची बाग पुरुषांनी पुरुषांच्या नजरेसाठी बांधलेली होती, यात शंका नाही. झोत सोडणारा माणूस लपून बसायचा आणि कोण येतंय ते बघून कळ दाबायचा. त्या वाटेवरून आपण जाणार हे बायकांनाही ठाऊक असायचं, आणि अनेकजणी झगा मुठीत घट्ट धरून, हसत पळत जायच्या, ते त्या काळच्या फोटोंत आणि चित्रफितींत दिसतं.

पैशांच्या बाबतीत मात्र अनुजाचं बरोबर आहे. मुलीचा पगार मुलापेक्षा कमी होता हे मूळ दुखणं. मुली एकट्या न जाता घोळक्याने जात, एकमेकींवर लक्ष ठेवत, कुठल्या नाचघरात जायचं आणि कुठल्या नाही हे आपापसांत सांगत. तेवढीच त्यांची सोय.

याच पोरींबद्दल आणखी एक. ड्रीमलँडमध्ये आगीशी झुंज नावाचा खेळ होता. खऱ्या आकाराची इमारत पेटवायचे, वरच्या मजल्यांवरून बायका किंचाळायच्या, अग्निशमन दलाचे घोडे जुंपलेले बंब दौडत यायचे, शिड्या लावायचे, बायका खाली ताणलेल्या जाळ्यांत उड्या मारायच्या. सगळ्यांची सुटका. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या प्रेक्षकांच्या मनात आगीची भीती कायमची असायची, त्यामुळे हा खेळ तुफान चालला. मग २५ मार्च १९११ला मॅनहॅटनमधल्या ट्रायँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. कारखाना आठव्या ते दहाव्या मजल्यावर, बंबाच्या शिड्या सहाव्यापर्यंत पोचल्या, उड्या मारणाऱ्यांच्या वजनाने जाळ्या फाटल्या. १४६ माणसं गेली, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. रविवारी कोनी आयलंडला जाणाऱ्या, त्याच वयाच्या. त्यानंतर दोन महिन्यांनी, २७ मेच्या पहाटे, हंगाम सुरू व्हायच्या दिवशीच ड्रीमलँड जळून खाक झालं. तिथे एकही माणूस मेला नाही. जनावरं मात्र बरीच गेली. आयाळ पेटलेला एक सिंह रस्त्यावर धावत सुटला आणि त्याला गोळ्या घालाव्या लागल्या.

---

सिस्टर_सांगली

ड्रीमलँडच्या आगीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. त्या आगीतून बाहेर काढलेल्यांत काचेच्या पेटीतली (इनक्युबेटरमधली) बाळंही होती. माझी नोकरी नवजात अतिदक्षता विभागात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

मार्टिन कूनी नावाचा माणूस १९०३पासून १९४३पर्यंत कोनी आयलंडला दर उन्हाळ्यात कमी दिवसांची बाळं तिकीट लावून दाखवायचा. पुढे पुढे पंचवीस सेंट तिकीट होतं. ऐकायला भयंकर वाटतं. पण तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक इस्पितळांत पेट्याच नव्हत्या, आणि सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ जगणार नाही असं धरूनच चालायचे. कूनी बाळाच्या आईबापांकडून एक सेंटही घेत नव्हता. पेट्या, परिचारिका, दूध पाजणाऱ्या बायका, सगळा खर्च तिकिटावर. बाळ गरिबाचं आहे की श्रीमंताचं, गोरं की काळं, हे बघत नसत. सुमारे आठ हजार बाळं आपल्याकडे आली आणि त्यातली साडेसहा हजार वाचली, असं तो सांगायचा.

त्याच्याकडे वैद्यकीय पदवी असल्याचा पुरावा सापडलेला नाही. पण शिस्त बघा. दूध पाजणाऱ्या बाईने बाहेरचं अरबट-चरबट खाल्लेलं दिसलं तर कामावरून काढायचे. चोखायची ताकद नसलेल्या बाळाला परिचारिका छोट्या चमच्याने नाकावाटे थेंब थेंब दूध द्यायची. मादाम रेश्ट नावाची त्याची मुख्य परिचारिका प्रेक्षकांसमोर आपली अंगठी बाळाच्या मनगटात सरकवून दाखवायची. अंगठी बांगडीसारखी वर-खाली व्हायची. मी अशी मनगटं हातात धरली आहेत, त्यामुळे त्या बाईचं काम किती नाजूक असेल ते मला कळतं. १९०७मध्ये कूनीची स्वतःची मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली. तिलाही पेटीत ठेवलं. मोठी होऊन ती परिचारिका झाली आणि वडिलांबरोबरच काम केलं.

१९४३मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या इस्पितळात अशा बाळांसाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि कूनीने प्रदर्शन बंद केलं.

---

अनुजा_प

सिस्टर, काटा आला अंगावर. चाळीस वर्षं डॉक्टरी जगाने हे काम एका जत्रेतल्या माणसावर सोडलं होतं?

---

सिस्टर_सांगली

हो. काही डॉक्टर मात्र गुपचूप बाळं त्याच्याकडे पाठवायचे. शिकागोचे डॉ. ज्युलियस हेस तर उघडपणे त्याच्याबरोबर काम करत होते, आणि अमेरिकेत या शाखेचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात.

---

लाकूडकाम

यंत्रांचं विचारलं होतं म्हणून थोडक्यात लिहितो.

१८८४मध्ये ला मार्कस थॉम्प्सनने इथे स्विचबॅक रेल्वे सुरू केली. समोरासमोर दोन उंच मनोरे, मध्ये ६०० फुटांचा लाटेसारखा लाकडी मार्ग. माणसं जिना चढून वर जात, बाकड्यावर आडवी बसत आणि गाडी गुरुत्वाकर्षणाने ताशी सहा मैलांनी खाली येई. दुसऱ्या टोकाला सगळे उतरत, कामगार गाडी ढकलून वर नेत, मग उलटा प्रवास. भाडं पाच सेंट.

सी लायन पार्कमधल्या फ्लिप-फ्लॅपमध्ये गाडी पूर्ण उलटी व्हायची, पण तो फेरा अचूक वर्तुळाकार होता. वर्तुळात शिरताक्षणी वेगाची दिशा एकदम बदलते आणि सगळा भार मानेवर येतो, त्यामुळे माना आखडायच्या. १९०१च्या लूप-द-लूपमध्ये फेरा लंबगोल केला, त्रास कमी झाला. तरी बसणाऱ्यांपेक्षा बघायला उभे राहणारे जास्त, आणि गाडीत एका वेळी चारच माणसं, त्यामुळे धंदा बसला. पुढे जॉन मिलरने रुळाच्या खालच्या बाजूलाही चाकं लावली, त्यामुळे गाडी रूळ सोडून वर उडेना. मग खरे तीव्र उतार बांधता यायला लागले. १९२७चा सायक्लोन त्याच काळातला. लोखंडी सांगाड्यावर लाकडी मार्ग, ८५ फुटांचा पहिला उतार.

---

वाचनवेडा

इतक्या कौतुकात एक विरोधी सूर लावतो. १९०६मध्ये मॅक्सिम गॉर्की अमेरिकेत आला होता तेव्हा तो कोनी आयलंडलाही गेला. रात्री समुद्रावरून दिसणाऱ्या रोषणाईचं त्याने सुंदर वर्णन केलंय, पण आत शिरल्यावर त्याला दिसली कंटाळलेली, बधिर झालेली गर्दी. कामगाराचा आठवडाभराचा घाम रविवारी गोड बोलून काढून घ्यायची ही व्यवस्था आहे असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. सहा दिवस यंत्रापुढे उभं राहायचं आणि सातव्या दिवशी पैसे देऊन दुसऱ्या यंत्रात बसायचं. मालक तेच, फक्त दिवे जास्त.

---

गिरणगावकर

@वाचनवेडा, मान देऊन असहमत. माझे वडील दिवसपाळी करून नाक्यावर नाटकाच्या तालमीला जायचे. बाहेरून बघणाऱ्याला दमलेला माणूस झोप सोडून काय करतोय असं वाटलं असतं. कामगाराने मोकळ्या वेळात काय करावं हे त्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नसतं. गॉर्की एका भेटीवर आला आणि दुभाष्याच्या मदतीने बघून गेला. त्या बाकड्यावरच्या शिवणाऱ्या पोरीला कोणी विचारलं का?

---

वाचनवेडा

तुमचा मुद्दा मान्य, पण मालकाचा फायदा त्याने कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

---

मेधा_इंदूर

एवढे प्रतिसाद झाले तरी कुंपणाने बाहेर कोणाला ठेवलं ते आलं नाही. काळ्या लोकांचं काय? आणि भारताशी काही संबंध होता का, उत्सुकता आहे.

---

खाडीकाठ

@मेधा, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकात एक गुंतलेलं आहे.

काळे लोक कोनी आयलंडवर होते, पण बहुतेक कामाला किंवा खेळ म्हणून. एक खेळ असा होता की कनातीच्या भोकातून काळा माणूस डोकं बाहेर काढून उभा राहायचा आणि गिऱ्हाईक पैसे देऊन त्याच्या डोक्यावर चेंडू मारायचं. नेम लागला की बक्षीस. अमेरिकेभर अशा बागांत आणि जत्रांत हे चालायचं, इथेही चालायचं. टिल्यूच्या घोड्यावर मागून कंबर धरून बसलेल्या इटालियन पोराला गोऱ्यांच्या समाजात जागा मिळत होती, आणि ती जागा मिळताना समोर चेंडू मारायला कोण उभं होतं, हेही त्या इतिहासाचा भाग आहे. बऱ्याच स्नानगृहांत काळ्यांना प्रवेश नसे, आणि स्टीपलचेजचा पोहण्याचा तलाव तर शेवटपर्यंत त्यांना बंद होता.

काहींना आत घेतलं ते बघण्याची वस्तू म्हणून. ड्रीमलँडमध्ये शरीराने ठेंगण्या अशा सुमारे तीनशे माणसांचं अर्ध्या मापाचं गाव वसवलं होतं. त्यांचं स्वतःचं अग्निशमन दल होतं, आणि प्रेक्षकांच्या मजेसाठी दिवसभर खोट्या आगीच्या घंटा वाजवून त्यांना पळायला लावायचे. १९०५मध्ये ल्यूना पार्कमध्ये फिलिपिन्सच्या डोंगराळ भागातली बोंतोक इगोरोत माणसं आणून ठेवली, सुमारे पन्नास. फिलिपिन्स नुकताच अमेरिकेच्या ताब्यात आला होता. त्यांच्याकडे कुत्र्याचं मांस प्रसंगाप्रसंगाने, विधी म्हणून खाल्लं जायचं. इथे गर्दी खेचायला ते सारखं करायला लावलं. त्यांना आणणारा ट्रुमन हंट त्यांच्या कमाईचे पैसे घेऊन पसार झाला, आणि १९०६मध्ये त्याला अटक झाली. त्या लोकांनी कोर्टात उभं राहून साक्ष दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता भारत. १९०३च्या जानेवारीत कर्झनने दिल्लीत दरबार भरवला आणि त्याची वर्णनं जगभर छापून आली. १९०४च्या हंगामात ल्यूना पार्कमध्ये दिल्लीचे रस्ते उभे राहिले. प्लॅस्टरचे घुमट, झुली घातलेले हत्ती, व्हाइसरॉयची मिरवणूक. न्यूयॉर्कच्या सामान्य माणसाला आपला देश पहिल्यांदा दिसला तो बहुधा असा, सजवलेल्या हत्तीवर साहेब आणि आजूबाजूला चालणारी माणसं.

हत्तींचं निघालंच आहे तर टॉप्सीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही सर्कशीतली हत्तीण. १९०२मध्ये एका प्रेक्षकाने तिला जळती सिगार टोचली की काय अशा छळातून तिने त्याला मारलं. मग ती ल्यूना पार्कच्या बांधकामावर ओझी ओढायला आली. तिचा माहूत दारुडा होता, त्याने गोंधळ घातला, आणि मालकांनी तिला संपवायचं ठरवलं, तेही तिकीट लावून फाशी देऊन. प्राणिरक्षक संस्थेने अडवलं. शेवटी ४ जानेवारी १९०३ला, निमंत्रित लोकांसमोर, तिला विष घातलेली गाजरं चारली, पायांना तारा जोडून ६,६०० व्होल्टचा झटका दिला आणि गळ्याभोवतीचा दोर वाफेच्या यंत्राने आवळला. एडिसनच्या कंपनीने चित्रीकरण केलं. जागतिक स्तरावर गाजलेल्या बागेची पहिली जाहिरात ही होती.

---

सुमन_कुलकर्णी_नाशिक

मी ती चित्रफीत बघायला गेले आणि बंद केली. ती स्वतःच्या पायांनी चालत येते तिथे.

---

लाकूडकाम

या बागा संपल्या कशा? ड्रीमलँड कळलं, बाकीच्या दोन?

---

खाडीकाठ

ल्यूना १९४४मध्ये जळाली. स्टीपलचेज टिल्यूच्या मुलाबाळांनी १९६४पर्यंत चालवलं. तोवर बरंच बदललं होतं. मोटारी आल्या, लोक लांबच्या किनाऱ्यांना जायला लागले. रॉबर्ट मोझेस या शहराच्या सर्वशक्तिमान अधिकाऱ्याला अशी गोंगाटाची करमणूक मनापासून नावडती होती. आजूबाजूच्या जुन्या वस्त्या पाडून उंच इमारती आल्या, काळी आणि प्वेर्तोरिकन कुटुंबं राहायला आली, आणि गोऱ्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. तलाव उघडून नवीन शेजाऱ्यांना आत घेण्याऐवजी बंद करणं पत्करलं, असं माझं वाचून झालेलं मत आहे. अर्थात खर्च आणि चोऱ्यांचंही कारण होतं.

१९६५मध्ये फ्रेड ट्रम्पने जागा घेतली. होय, डोनाल्ड ट्रम्प यांचे वडील. त्यांना तिथे निवासी इमारती बांधायच्या होत्या. १९६६मध्ये त्यांनी पाहुण्यांना बोलावून समारंभ केला आणि काचेच्या मंडपावर विटा मारायला दिल्या. जुनी वास्तू म्हणून जतनाचा आदेश निघायच्या आत ती पाडून टाकली. इमारतींची परवानगी मात्र मिळाली नाही, आणि जागा कित्येक वर्षं ओसाड पडून राहिली. आता तिथे बेसबॉलचं मैदान आहे.

---

जर्सीकर

आईबाबा यंदा उन्हाळ्यात येतायत, बाबांना गुडघ्याचा त्रास आहे. नेण्यासारखं आहे का आता? बघायला काय उरलंय?

---

खाडीकाठ

@जर्सीकर, जरूर न्या. मॅनहॅटनमधून डी, एफ, एन किंवा क्यू गाडीने स्टिलवेल अव्हेन्यू, शेवटचं स्टेशन. बाहेर पडलं की समोरच नेथन. सायक्लोन चालू आहे, पण बाबांना त्यात बसवू नका, लाकडी मार्गावर गाडी फार आदळते. वंडर व्हील हा मोठा पाळणा १९२०चा आहे, १५० फूट उंच. चोवीस डबे, त्यातले सोळा आतल्या रुळांवर घसरतात आणि आठ स्थिर असतात. दोन्हींच्या रांगा वेगळ्या आहेत, स्थिरवाली विचारून घ्या. पॅराशूटचा उंच मनोरा चालत नाही, पण उभा आहे, १९३९च्या जागतिक प्रदर्शनातून आणून स्टीपलचेजमध्ये बसवलेला. त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की जुनी बाग कुठे होती ते कळतं. ल्यूना पार्क नावाची नवीन बाग २०१०पासून आहे. बोर्डवॉकवर बाकडी भरपूर आहेत, किनाऱ्याला पैसे पडत नाहीत, आणि उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री फटाके असतात, तेव्हा शुक्रवार धरून गेलात तर उत्तम.